भुलेश्वरची पांजरपोळ

मुंबईस जाणारा आपला घाटावरचा मनुष्य मुंबादेवीचें दर्शन घेतो, महालक्ष्मीस जाऊन येतो, मुलेंबाळें बरोबर असलीं तर राणीच्या बागेंत एक संध्याकाळ घालवितो आणि परत फिरतो. फुलें, बांगड्या किंवा पितळेचीं भांडीं घेण्यास तो भुलेश्वरांत जातो खरा. पण त्याच गर्दींतून कावसजी पटेल तलावाच्या बाजूस चार पावलें पुढें टाकलीं (नांव तेवढें तलावाचें राहिलें आहे, तलाव केव्हांच बुजविला), तर शहराच्या ऐन पोटांत गुरांचा एक मोठा जुना गोठा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हीच मुंबईची पांजरपोळ. पिंजरा आणि गुजराथी ‘पोळ’, म्हणजे वेस असलेली बंदिस्त आळी, अशा दोन शब्दांचा हा जोड आहे.

दरवाजांतून आंत शिरतांच बाहेरचा कोलाहल मागें पडतो आणि ओल्या गवताचा व शेणाचा ओळखीचा वास येतो. ओळीनें बांधलेल्या गाई, वासरें, पक्ष्यांचे पिंजरे, कबुतरांपुढें टाकलेले दाणे, असा सारा थाट. दाराशीं गवताच्या पेंढ्या विकत मिळतात. सकाळच्या वेळीं गुजराथी व मारवाडी कुटुंबें त्या घेऊन गाईंपुढें उभीं असतात, आणि आपलीं मराठी मंडळीहि त्यांत दिसते. संक्रांतीच्या दिवशीं तर आंत पाऊल ठेवण्यास जागा मिळत नाहीं.

हें दृश्य पाहून मन प्रसन्न होतें यांत संशय नाहीं. परंतु मला येथें गाईंपेक्षांहि संस्थेचा कारभार अधिक पाहण्यासारखा वाटला. १८३४ सालीं निघालेली ही संस्था आज दोनशें वर्षांच्या उंबरठ्यावर येऊन पोहोंचली आहे. मुक्या जनावरांविषयीं कळवळा असणारे आपल्यांत पुष्कळ निघतील. त्या कळवळ्याचें वर्षानुवर्षांचें अंदाजपत्रक जमविणारे फार थोडे.

संस्थेचा जन्म कुत्र्यांमुळें झाला, हें या गाईंकडे पाहून कोणाच्या ध्यानांतहि यावयाचें नाहीं. भटकीं कुत्रीं मारण्याची मुंबई सरकारची रीत होती आणि मारलेल्या कुत्र्यामागें बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभानें पाळलेलीं कुत्रींहि ओढून नेलीं जाऊं लागलीं. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान थेट अंत्यविधीपर्यंत पोहोंचलेलें. तेव्हां १८३२ च्या जूनच्या ६ तारखेस कोटांत पारशांनीं दंगा केला. दुसऱ्या दिवशीं इतर जातींच्या व्यापाऱ्यांनींहि दुकानें बंद ठेविलीं आणि कुलाब्याच्या छावणीचा पुरवठा अडला. दंगा अर्थात् मोडला गेला. पण रस्त्यांतलें जनावर मारूं नये असें म्हणणाऱ्यानें तें ठेवावें कोठें, हा प्रश्न दंग्यानें सुटण्यासारखा नव्हता. दोन वर्षांनीं जमशेटजी जीजीभाई हे पारशी शेटजी आणि मोतीचंद अमीचंद हे जैन शेटजी यांनीं एकत्र येऊन ही पांजरपोळ काढली.

या उभयतांच्या व्यापारी डोक्याची तारीफ करावीशी वाटते. त्यांनीं निव्वळ वर्गणीवर भिस्त ठेविली नाहीं. बाजारांतून जाणाऱ्या कापसासारख्या मालावर व्यापाऱ्यांनीं आपखुषीनें एक अल्पसा लागा बसवून घेतला आणि तो पांजरपोळीस दिला. वर्गणी मागावी लागते, आणि देणाऱ्याचें मन आज उदार तर उद्यां कोरडें. लाग्याचें तसें नाहीं. गांठ विकली कीं दमडी पडलीच. (जमशेटजींच्या संपत्तींत चीनला जाणाऱ्या अफूचाहि वांटा होता, हेंहि सांगितलें पाहिजे. धर्मादायाच्या वह्या उघडल्या म्हणजे असें कांहींतरी निघतेंच.) पुढें व्यापाराच्या रीती पालटल्या, लागा आटला, आणि अशा संस्थांचा भार घरभाड्यांवर व देणग्यांवर येऊन पडला. त्यांतहि १९४७ च्या कायद्यानें मुंबईचीं जुनीं भाडीं १९४० च्या सप्टेंबरांतील आंकड्याशीं बांधून टाकलीं. १९९९ च्या कायद्यानें वर्षास चार टक्के वाढ दिली खरी, पण मूळ पायाच ठेंगणा! गवताचा भाव मात्र कोणत्याच कायद्यानें बांधलेला नाहीं.

आतां खर्चाची बाजू. आलेल्या जनावरास परत पाठवूं नये, मारूं तर नयेच, आणि तें आपल्या मरणानें मरेपर्यंत पोसावें, हें पांजरपोळींच्या परंपरेचें सार. ऐकण्यास हें फार गोड लागतें. परंतु ज्या घराला आंत येण्याचें दार आहे आणि बाहेर जाण्याचें नाहीं, त्या घरांत दाटी होणारच. एकोणिसाव्या शतकांतील कित्येक युरोपियन प्रवाशांनीं आपल्याकडील पांजरपोळींचें वर्णन करतांना उपासमार व गर्दी यांचींच चित्रें रंगविलीं. त्यांत तुच्छता पुष्कळ होती. तरी सगळेंच खोटें होतें असें म्हणवत नाहीं. मुंबईच्या विश्वस्तांनीं यावर शहराबाहेर जागा करण्याचा उपाय काढला. चेंबूर, कल्याणजवळचें रायतें, भिवंडीकडील लाखिवली, गुजराथच्या हद्दींतील भिलाड, अशा शाखा झाल्या. भुलेश्वरचा गोठा हा त्या अर्थानें संस्थेचें दर्शनी दालन आहे: गाय दिसते म्हणून हात खिशांत जातो, आणि त्या पैशांवर दूरचीं, कोणाच्या दृष्टीस न पडणारीं गुरें जगतात.

याच शहरांत परळास दुसरी एक संस्था आहे, आणि तिचें धोरण निराळें. मुंबईची प्राणिक्लेशनिवारक मंडळी १८७४ सालची. तिच्या हातीं शेट दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ १८८३ मध्यें आलें. इस्पितळाचा हेतु बरें करून परत पाठविण्याचा, पांजरपोळीचा हेतु ठेवून घेण्याचा. एकीला खाटा मोजून चालवितां येतें. दुसरीला आयुष्यें मोजावीं लागतात.

मजेची गोष्ट अशी कीं, आपल्या कायद्यानें या दोन्ही वाटा जवळजवळ बसविल्या आहेत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याचें ३५ वें कलम पाहावें. छळलेल्या जनावराविषयीं मॅजिस्ट्रेट तीन प्रकारचे हुकूम करूं शकतो: बरें होईपर्यंत इस्पितळांत ठेवावें, पांजरपोळींत धाडावें, अथवा पशुवैद्यानें असाध्य ठरविलें तर संपवावें. ही तिसरी वाट आपल्या घरांत अजूनहि वादाची आहे. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत वेदनेनें तळमळणाऱ्या एका असाध्य वासराला महात्मा गांधींनीं डॉक्टराकडून इंजेक्शन देववून शांत केलें, तेव्हां त्यांच्यावर पत्रांचा भडिमार झाला. पांजरपोळ ही वाट धरीत नाहीं, आणि न धरण्याचा तिला अधिकार आहे, असें मला वाटतें. देणगीदारांनीं ज्या श्रद्धेनें पैसा दिला ती श्रद्धा विश्वस्तानें परस्पर पालटूं नये. मात्र मग असाध्य जनावराची शुश्रूषा कोण करणार, वैद्य रोज येणार कीं आठवड्यानें, हें कागदावर लिहिलेलें असलें पाहिजे. न मारणें म्हणजे सांभाळणें नव्हे.

तीच गोष्ट संख्येची. महाराष्ट्रांत गाईंच्या वधाला १९७६ च्या कायद्यानें बंदी होती. २०१५ पासून ती बैलांनाहि लागू झाली. त्यावर मतें कांहींहि असोत, शेतकऱ्याच्या दावणींतून सुटणाऱ्या थकल्या बैलाला कोणीतरी चारा घातला पाहिजे, हें गणित कोणासहि टळत नाहीं. कुत्र्यांच्या बाबतींत तर इतिहास फिरून त्याच चौकांत आला. २०२५ च्या ऑगस्टच्या ११ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीचीं सर्व भटकीं कुत्रीं निवाऱ्यांत कोंडण्याचा हुकूम दिला आणि २२ तारखेस तो बदलून, पिसाळलेलीं व चावरीं सोडून बाकीचीं, नसबंदी व लस करून जेथल्या तेथें सोडावीं असें ठरविलें. एवढे निवारे कोण चालविणार, हा प्रश्न १८३२ चाच.

भुलेश्वरच्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. तीन पिढ्यांपूर्वींच्या दात्यानें गाईसाठीं दिलेला तुकडा एखाद्या उतावीळ विश्वस्तानें फुंकून टाकूं नये म्हणून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचें ३६ वें कलम उभें आहे: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवांचून स्थावर विकतां येत नाहीं, आणि इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीनें भाड्यानेंहि देतां येत नाहीं. हिशेब दरसाल तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत कळवावें लागतें. आपल्यांतील कित्येकजण गांवच्या देवस्थानाचे किंवा गोरक्षण मंडळाचे पंच असतील. या कलमांचा त्यांना कंटाळा येतो, हें मी जाणतों. पण दाता गेला आणि गाय बोलत नाहीं. तेव्हां विचारणारें तिसरें कोणीतरी हवेंच.

जाणाऱ्यांस एक व्यवहाराची सूचना. सणाच्या दिवशीं भाविक मंडळी गाईला गुळाचे व बाजरीचे लाडू भराभर चारतात. धान्य व गूळ एकदम फार पोटांत गेलें कीं आम्ल वाढतें, रवंथ बंद पडतो, आणि जनावर प्रसंगीं दगावतें. म्हणून हातीं पेंढी घ्यावी, लाडू घरीं मुलांना द्यावे. आणि उरलेले पैसे कचेरींत भरून पावती घ्यावयाची असेल, तर संक्रांतीची वाट पाहूं नये. ज्येष्ठाच्या आरंभीं, पाऊस लांबलेला आणि गवत महागलेलें असतें तेव्हां, त्या कचेरींत मुळींच गर्दी नसते.