नव्या नळाची धार

स्वयंपाकघरात नवा नळ बसला आणि धार बारीक आली, की घरातली सगळी माणसं नळाकडे बघू लागतात. मला मात्र आधी गच्ची आठवते. पाण्याजवळ बळ असं एकच असतं, ते उंचीचं. गच्चीवरच्या टाकीतून सुटलेलं पाणी जितकं खाली उतरेल तितका त्याचा जोर. दहा मीटर उतरलं की साधारण एक किलो दाब. आपल्याकडचे प्लंबर दाब किलोतच सांगतात. तो तळमजल्यावरच्यांच्या वाट्याला येतो. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावरचे. आमच्या ओट्यावरच्या नळापासून टाकीचा तळ चारेक मीटर वर, म्हणजे दाब अर्ध्या किलोलाही कमी. एवढ्याशा जोरावर त्या पाण्याने गच्चीवरून भिंतीत शिरायचं, कोपरे वळायचे, सिंकखाली उतरायचं आणि पुन्हा वर चढून पातेल्यात पडायचं. मला त्या पाण्याबद्दल माया वाटते.

जुन्या पितळी नळाचं पोट मोकळं होतं. चावी फिरवली की आतला वायसर वर उचलला जायचा आणि अर्ध्या इंचाच्या पाइपातलं पाणी जसंच्या तसं बाहेर यायचं. भांडी घासताना शिंतोडे उडायचे, चावी नीट बसायची नाही, पण धार अशी की तांदूळ एका दमात धुतले जायचे. नव्या, एका दांडीच्या नळाची घडण निराळी. सिंकखाली अँगल कॉक, त्याला स्टीलच्या तारांनी विणलेला कनेक्शन पाइप, नळाच्या अंगात सिरॅमिकच्या एकमेकींवर सरकणाऱ्या चकत्या आणि अगदी तोंडाशी जाळी. कनेक्शन पाइप बाहेरून जाड दिसतो. आतली रबरी नळी भिंतीतल्या पाइपाच्या निम्मीच असते. आणि पाण्याचा हिशेब कडक आहे: दाब तेवढाच ठेवून वाट व्यासाने निम्मी केली, तर पाणी निम्मं येत नाही, जवळपास सहाव्या हिश्शावर येतं. निम्म्या नळीचा तुकडा हात-दीड हातच लांब असल्याने घरात इतकी घट होत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो. असे बरेचसे नळ एक किलो किंवा त्याहून जास्त दाबाच्या घरांसाठी घडवलेले असतात. ते आपल्या गच्चीवरच्या टाकीशी जोडले की थोडी धार जाणारच. दुकानात नळ निवडताना हे कुणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण थोडी धार जाणं वेगळं आणि पातेलं भरेपर्यंत फोडणी करपणं वेगळं. आमच्याकडे दुसरं झालं. शेजारून लगेच सल्ला आला, प्रेशर पंप बसवा. आमच्या जुन्या प्लंबरकाकांनी मान हलवली. "ताई, पंप नंतर. आधी पाणी कुठं अडलंय ते बघू."

त्यांची बघण्याची रीत मला फार आवडली. ते पाण्याच्या वाटेने उलटे चालत गेले. आधी बाथरूमचा नळ सोडून पाहिला. तिथे धार नेहमीसारखी, म्हणजे टाकी आणि मुख्य लाइन ठीक. मग दांडी गरमकडे आणि थंडकडे फिरवून पाहिली. एकाच बाजूला पाणी कमी असतं तर त्या बाजूचा अँगल कॉक, पाइप किंवा गीझर तपासायचा. इथे दोन्हीकडे सारखंच कमी होतं. मग त्यांनी नळाच्या तोंडाची जाळी उघडली आणि माझ्या तळहातावर उपडी केली. पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या, सीपीव्हीसी पाइप कापताना पडलेला भुगा, जुन्या लोखंडी पाइपाच्या गंजाच्या तांबूस खपल्या, चार खडे वाळूचे. जाळीशिवाय नळ सोडला तशी धार सिंकच्या तळावर आदळली.

जाळी काढूनही धार वाढली नसती तर पुढची पायरी ठरलेली होती. अँगल कॉक बंद करायचा, कनेक्शन पाइप नळाकडून सोडवून त्याचं टोक बादलीत धरायचं आणि कॉक उघडायचा. बादलीत जोरात पाणी आलं तर दोष नळाच्या अंगात, बहुतेक चकत्यांपाशी अडकलेल्या कचऱ्याचा. नाही आलं तर दोष मागे: कॉक अर्धाच उघडलेला, पाइप कपाटाच्या फळीमागे मुडपलेला, किंवा भिंतीतला जुना लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेला. या शेवटच्या दोषाला कुठलाही नळ पुरा पडत नाही. तो पाइपच बदलावा लागतो.

काकांचं ते उलटं चालणं पाहताना मला कात्रजचा नळ आठवला. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात, थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं, ते केवळ उतारावर. जमिनीखालून बांधीव नळ आणि वाटेत ठिकठिकाणी उभे केलेले उच्छ्वास, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडायला धुराडी. त्याआधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर खेळवली. तिच्या वाटेवरही हवा मोकळी करणारे मनोरे आहेत. पाण्याला गाळ अडवतो तशी हवाही अडवते, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. टाकी रिकामी करून धुतली की आपल्या घरातही हेच होतं: पाइपात हवा अडकते, नळ फुसफुसतो, थुंकतो आणि गरम पाण्याची धार तर काही वेळा येतच नाही. तेव्हा घरातले सगळे नळ, खालच्या पातळीचे आधी, पूर्ण सोडून ठेवले की हवा निघून जाते. पण या वेळी जाळ्या मात्र उतरवून ठेवाव्यात, कारण टाकी धुतल्यावर तळाचा गाळ हललेला असतो आणि तो थेट जाळीत येऊन बसतो.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांना आणखी एक व्याप. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपलेलं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. बादल्यांवर पांढरे डाग पडतात तसेच क्षार जाळीच्या छिद्रांतही धरतात. जाळी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासली की ती मोकळी होते. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड तिथे वापरू नये; नळाची चकाकी जाते आणि खालचं पितळ उघडं पडतं.

जाळी कायमची काढून टाकावी, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. ती पाण्यात हवा मिसळते, धार गोळा ठेवते, शिंतोडे थांबवते आणि पाणीही वाचवते. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांनी तर ती जपावीच. दाब फारच कमी असेल तर कमी दाबासाठी केलेली, मोठ्या छिद्रांची जाळी बाजारात मिळते, ती आधी लावून पाहावी. पंप त्यानंतर, आणि तोही टाकीनंतरच्या लाइनवर.

नवा नळ बसवून घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नळ जोडण्याआधी अँगल कॉकखाली बादली धरायला सांगा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत लाइन वाहू द्या. बसवणारा घाईत असेल, पुढच्या कामाला उशीर होतोय म्हणेल; त्याला चहा द्या, पण एवढं करून घ्या. बादलीतलं पाणी झाडांना घाला. आणि नळाच्या खोक्यात जाळी उघडायची प्लास्टिकची छोटी चावी येते, ती खोक्याबरोबर रद्दीत देऊ नका.