त्या एक्क्याण्णव सह्या

आर्थर मिलरचे 'द क्रूसिबल' हे नाटक मी पदवीच्या वर्गाला बरीच वर्षे शिकवत आले आहे. कथानक, आशयसूत्रे, सत्ता आणि व्यक्ती यांचा संघर्ष, शोकनायक म्हणून जॉन प्रॉक्टर, असे त्याचे ठरलेले टप्पे आहेत आणि परीक्षेतले प्रश्नही त्यांवरच येतात. गेल्या वर्षी तिसरा अंक संपवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्या एक्क्याण्णव लोकांचे पुढे काय झाले?" मला उत्तर देता आले नाही. नाटकात ते नाहीच.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १६९२ साल, मॅसॅच्युसेट्समधले सेलम हे प्युरिटन पंथीयांचे गाव. रात्री रानात नाचताना काही मुली पकडल्या जातात आणि शिक्षेच्या भीतीने चेटकाचा आळ दुसऱ्यांवर ढकलतात. न्यायालय बसते. जो गुन्हा कबूल करील तो वाचतो, जो नाकारील तो फासावर जातो. शेतकरी जॉन प्रॉक्टरचे अ‍ॅबिगेल विल्यम्स या मुलीशी पूर्वी संबंध होते. आता तिनेच त्याच्या पत्नीवर, एलिझाबेथवर आळ घेतला आहे. पत्नीला सोडवायला तो न्यायालयात जातो आणि स्वतःच अडकतो. हे संबंध मिलरने कल्पिले आहेत. इतिहासातली अ‍ॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला सतरा वर्षांची केले, त्याचे वय उतरवले.

तिसऱ्या अंकात फ्रान्सिस नर्स एक कागद घेऊन न्यायालयात येतो. त्याची पत्नी रिबेका, एलिझाबेथ आणि मार्था कोरी या सच्छील स्त्रिया आहेत, अशी ग्वाही देणाऱ्या एक्क्याण्णव जणांच्या सह्या त्यावर आहेत. सारे जमीनधारक शेतकरी, चर्चचे सभासद. न्यायाधीश डॅन्फर्थ कागद वाचतो आणि त्या सर्वांना चौकशीसाठी पकडून आणण्याचा हुकूम देतो. सही केल्याने कोणाला धक्का लागणार नाही असा शब्द फ्रान्सिसने घरोघरी दिलेला असतो. तो हादरून जातो. मग अंक पुढे सरकतो आणि ती माणसे नाटकातून नाहीशी होतात.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी नाटक पुन्हा वाचले, ते केवळ सह्यांचा माग काढत. आपल्या सहीने सुमारे चारशे माणसे तुरुंगात आहेत आणि बहात्तरांना फाशी ठोठावली आहे, हे डॅन्फर्थ अभिमानाने सांगतो. धर्मगुरू हेलने त्याच सकाळी रिबेकाच्या शिक्षेवर सही केली आहे आणि त्याचा हात अजून कापतो आहे. मेरी वॉरन ही मोलकरीण आपण नाटक केल्याचे लेखी कबूल करते, पण इतर मुली तिच्यावरच उलटतात तेव्हा ती मोडून पडते. शेवटी प्रॉक्टरची सही. वरून झालेली सही माणसाला फासावर चढवते. खालून झालेली सही, ती करणाऱ्यालाच धोक्यात आणते. सत्ता म्हणजे काय, हे मला या नाटकात भाषणांपेक्षा या कागदांतून अधिक कळते.

सेलमच्या सामाजिक उतरंडीत सर्वांत खाली आहे टिट्युबा, बार्बाडोसहून आणलेली गुलाम स्त्री. फटक्यांच्या आणि फाशीच्या धाकाने पहिली कबुली तीच देते. तिच्या किंचित वर त्या मुली: कोणी अनाथ, कोणी मोलकरीण. ज्यांचे कोणी कधी ऐकले नाही, त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर आता घरे उद्ध्वस्त होतात. पण ही सत्ता त्यांना उसनी मिळालेली आहे. मेरीने बाजू बदलताच ती एका क्षणात काढून घेतली जाते. उसनी देणारे न्यायालय मात्र जागचे हलत नाही.

तरीही या न्यायालयाला आरोपींची गरज आहे, हे चौथ्या अंकात उघड होते. डॅन्फर्थ माफी देत नाही, कारण त्याच गुन्ह्यासाठी बारा जण आधीच फासावर गेले आहेत. उरलेल्यांना सोडले तर त्या बारांचे काय? म्हणून त्याला प्रॉक्टरची कबुली हवी, आणि तीही कागदावर, चर्चच्या दारावर लावता येईल अशी. प्रॉक्टर तोंडी कबूल होतो, इतरांची नावे घ्यायला नकार देतो, सही करतो, आणि अखेर तो कागद फाडतो. इतक्या बलाढ्य यंत्रणेला एका शेतकऱ्याच्या सहीवाचून चालत नाही. मिलरची नजर त्याच्या काळातल्या अमेरिकेवर होती. नाटक रंगभूमीवर आले जानेवारी १९५३ मध्ये. १९५६ साली प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे त्याने स्वतः इतरांची नावे सांगायला नकार दिला, १९५७ मध्ये दोषी ठरला आणि १९५८ मध्ये अपिलात सुटला. अशा समित्यांना नावे बहुधा आधीच ठाऊक असत. त्यांना हवे असे ते नाव घेणारे तोंड.

हे सारे मी वर्गात आवेशाने शिकवते. आणि इथेच मला एक गोष्ट सांगायची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी एक निवेदन फिरले. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यावर उत्तरपत्रिकांच्या कामात गैरप्रकार केल्याचा आरोप होता. पुरावा कोणी मागितला नाही, मीही नाही. कागदावर आधीच चौदा सह्या होत्या. पंधरावी माझी. कोणी दटावले नव्हते, नोकरीला धोका नव्हता. सही न करणे तेवढे अवघड वाटले. पुढच्या सत्रात ते सहकारी आले नाहीत. काही महिन्यांनी गोंधळ कारकुनी चुकीमुळे झाल्याचे निष्पन्न झाले. त्यावर निवेदन मात्र निघाले नाही.

नाटक शिकवताना मी स्वतःला नेहमी प्रॉक्टरच्या आसपास कुठेतरी उभी करत होते. त्या मुलीच्या प्रश्नाने माझी खरी जागा दाखवली. त्या एक्क्याण्णव जणांनी सही केली तेव्हा त्यांच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ होते. माझ्यापाशी काहीच नव्हते, आणि म्हणूनच माझा हात कापला नाही.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला इतिहासात सापडले ते सांगितले. रिबेका नर्ससाठी प्रत्यक्षात एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. तरीही १६९२ च्या जुलैत तिला फाशी झाली. त्या वर्षी एकूण एकोणीस जण फासावर गेले आणि जाइल्स कोरीला दगडांखाली चिरडून मारले गेले. १६९७ साली सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशाने चर्चमध्ये उभे राहून आपला दोष जाहीरपणे पत्करला. त्याच सुमारास बारा माजी ज्यूरींनीही क्षमा मागणाऱ्या कागदावर सह्या केल्या. दोषी ठरवलेल्या एलिझाबेथ जॉन्सनचे नाव तर २०२२ साली निष्कलंक झाले, तेही एका शाळेच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केल्यावर.

मग मी वर्गाला त्या पंधराव्या सहीबद्दल सांगितले. कोणी काही बोलले नाही. घंटा झाल्यावर ती मुलगी टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, ते सर आता कुठे असतात?"

त्यांचा पत्ता मी शोधून काढला आहे. त्या बारा ज्यूरींना पाच वर्षे लागली होती. मला त्याहून बरीच अधिक लागली. पत्र लिहून झाले आहे. खाली सही करायची राहिली आहे.