कोय, काच आणि गाव

सरकारी प्रकल्पांची नावे भाषेच्या विद्यार्थ्याने काळजीपूर्वक वाचावीत, असे मला नेहमी वाटत आले आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, सव्हाना नदीच्या काठी, अण्वस्त्रांसाठी लागणारे प्लुटोनियम आणि ट्रिटियम तयार करणारा एक अवाढव्य सरकारी कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. त्याचे नाव 'सव्हाना रिव्हर प्लांट'. १९८९ मध्ये ते 'सव्हाना रिव्हर साइट' झाले. कारखान्याची 'जागा' झाली. कारखान्यात कुणीतरी काहीतरी करत असते. जागा नुसतीच असते. कर्तरी प्रयोगाचा भावे प्रयोग व्हावा, कर्ता वाक्यात असूनही क्रियापदाला त्याच्याशी काही देणेघेणे उरू नये, तसा हा पालट.

या जागेवर आधी गावे होती. नोव्हेंबर १९५० मध्ये प्रकल्पाची घोषणा झाली आणि सुमारे ८०० चौरस किलोमीटर जमीन सरकारने ताब्यात घेतली. एलेंटन, डनबार्टन आणि आसपासच्या वस्त्यांतली सुमारे सहा हजार माणसे उठली. त्यांत दुसऱ्यांच्या शेतात वाट्याने कसणारी कृष्णवर्णीय कुटुंबे पुष्कळ होती. जमीन नावावर नाही, म्हणून तिचा मोबदलाही नाही. थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे नेली गेली. त्या दिवसांत एलेंटनच्या वेशीवर कुणीतरी हाताने लिहिलेला एक फलक लावला. त्याचा आशय असा होता, की आम्हांला आमचे गाव जितके प्रिय तितकेच ज्यांना त्यांचे गाव प्रिय आहे, अशा कुणाचे तरी गाव नष्ट करणारा बॉम्ब बनवण्यासाठी आमचे गाव का नष्ट व्हावे, हे समजणे कठीण आहे.

माझे आजोळ एका धरणाच्या पाण्यात गेले. 'झाडाझडती' वर्गात शिकवताना त्यामुळे माझा आवाज थोडा बदलतो, हे विद्यार्थ्यांच्याही लक्षात येते. आपले विस्थापितांचे साहित्य गेलेल्या घराविषयी, फसवणुकीविषयी, न मिळालेल्या जमिनीविषयी बोलते, आणि ते बोलणे आवश्यकच आहे. पण त्या फलकाचा लेखक घर सोडता सोडता समुद्रापलीकडच्या एका अनोळखी गावाचा विचार करतो. आपल्या नुकसानीतून शत्रूचे नुकसान पाहणारी ही नजर मला दुर्मीळ वाटते.

पुढे तिथे जड पाण्यावर चालणाऱ्या पाच अणुभट्ट्या बांधल्या गेल्या. १९५३ ते १९८८ या काळात त्या कारखान्याने सुमारे ३६ टन प्लुटोनियम तयार केले. १९५६ मध्ये रेनेस आणि कोवान यांना न्यूट्रिनो हा जवळपास अस्तित्वहीन कण प्रथम सापडला, तोही इथल्याच एका भट्टीजवळ. शीतयुद्ध संपले, भट्ट्या बंद पडल्या. त्यांतील दोन २०११ मध्ये आतून सिमेंटने भरून कायमच्या मिटवण्यात आल्या; एकीच्या इमारतीचे प्लुटोनियमचे कोठार झाले.

मग आजचे काम कोणते? पहिले काम निस्तरण्याचे. जमिनीखालच्या ५१ टाक्यांत किरणोत्सारी द्रवाचा वारसा उरला. १९९६ पासून तो वितळलेल्या काचेत मिसळून सुमारे तीन मीटर उंचीच्या पोलादी पिंपांत ओतला जातो आहे. (काचेत कोंडण्याची हीच रीत आपल्याकडे तारापूर आणि तुर्भे येथेही वापरली जाते.) अशी हजारो पिंपे भरली, परंतु ती जिथे कायमची पुरायची ते नेवाडातील यक्का पर्वताचे भांडार उघडलेच नाही. तात्पुरती म्हणून ठेवलेली पिंपे तिथेच आहेत.

दुसरे काम राखण्याचे. ट्रिटियमचे अर्धायुष्य केवळ १२.३ वर्षांचे. बॉम्बसुद्धा शिळा होतो. म्हणून त्यातले ट्रिटियम वेळोवेळी बदलावे लागते, आणि अमेरिकेच्या साऱ्या अण्वस्त्रांसाठी ते काम इथे होते.

तिसरे काम नवे आहे, आणि माझे मन तिथेच अडखळते. अण्वस्त्राच्या गाभ्यातील प्लुटोनियमच्या गोळ्याला इंग्रजीत 'पिट' म्हणतात. म्हणजे फळातली कोय. पीचच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात हा शब्द वेगळाच ऐकू येतो. शीतयुद्धानंतर नकोसे झालेले ३४ टन प्लुटोनियम वीजनिर्मितीच्या इंधनात बदलण्यासाठी २००७ मध्ये इथे एक कारखाना बांधायला घेतला होता. अब्जावधी डॉलर ओतून २०१८ मध्ये तो अर्धवट सोडला, आणि त्याच इमारतीत वर्षाला निदान ५० नव्या कोयी बनवण्याचे ठरले. पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झाला नाही, असे एका न्यायालयाने २०२४ मध्ये सुनावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या जागेचा मुख्य कारभार सफाई पाहणाऱ्या विभागाकडून अण्वस्त्रे पाहणाऱ्या विभागाकडे गेला. नाव 'जागा'च राहिले. कर्ता मात्र वाक्यात परतला.

कोय म्हटली की पुढचे झाड आले. या कोयीतून काय उगवते ते नागासाकीने पाहिले आहे. आणि ती रुजली नाही तरी कुजत नाही, कारण प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षांचे. आपला आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा मानला जातो; लिखित मराठीचे वय जेमतेम हजार वर्षे. एवढ्यातच ती वाचायला तज्ज्ञ लागतात. चंद्रसूर्य असेतोवर दान मोडू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी गधेगाळ कोरले, आणि नंतरच्या गावकऱ्यांनी त्यांतल्या काहींना शेंदूर फासून देव केले. धाक देणाऱ्या दगडाचा अर्थ काही शतकांत इतका पालटतो. मग चोवीस हजार वर्षांनंतरच्या माणसाला 'इथे खणू नकोस' हे कोणत्या लिपीत सांगायचे?

गेल्या वर्षी मी एम.ए.च्या वर्गाला एलेंटनच्या त्या फलकाचा अनुवाद करायला दिला. वाद पहिल्याच ओळीवर झाला. 'आमचे गाव' की 'आपले गाव'? इंग्रजीत हा भेद नाही. मराठीला मात्र निवड करावीच लागते. बहुतेकांनी 'आमचे' लिहिले. व्याकरणाने तेच बरोबर, कारण फलक वाचणारा वाटसरू त्या गावचा नव्हे. प्रकल्पग्रस्त वसाहतीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र दोन्ही ठिकाणी, एलेंटनसाठी आणि त्या अनोळखी शत्रूच्या गावासाठीही, 'आपले' असे लिहिले होते. मी तिच्या वहीत खूण केली नाही.