हनुवटीखाली मूठ

सियागंजच्या मागे एका कबाड्याकडे, जळक्या मोटारींच्या ढिगाखाली तो पडला होता. जबडे गंजून मिटलेले, अंगावर रंगाचे पोपडे. किलोच्या भावाने घेतला. घरी आणल्यावर बाबा खुर्चीतून उठले, चष्मा सावरत जवळ आले आणि म्हणाले, "बांक आणलास!" मी व्हाइस म्हणतो. इंदूरच्या गिरण्यांतल्या हिंदीत तो बांक, आणि बाबांची फिटर म्हणून सारी हयात त्याच्यापुढे उभं राहण्यात गेली.

तारेच्या ब्रशने आधी हिरवा रंग गेला, मग करडा. खाली निळा लागला आणि त्यात उठावाची अक्षरं: रेकॉर्ड, शेफिल्ड. स्क्रू मात्र हलेना. मी हातोडा उचलला, तसं बाबांनी मनगट धरलं. "बीड आहे रे. मार सोसत नाही, तडकतं." मग रोज सकाळी आट्यांवर रॉकेल सोडायचं, सांज झाली की दांड्याला जरा जोर द्यायचा. सहाव्या दिवशी दांडा एक सूत फिरला. इंचाचा आठवा भाग! त्या रात्री मला सुखाने झोप लागली.

सुटे झालेले भाग अंगणात प्लास्टिकच्या टबात ठेवले. पाण्यात धुण्याचा सोडा, चार्जरची ऋण तार लोखंडाला, धन तार भंगारातल्या एका साध्या पट्टीला. (स्टेनलेसची पट्टी इथे चालत नाही, तिच्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं.) बारीक बुडबुडे रात्रभर वर येत राहिले. सकाळी काळी साय पुसली, तेव्हा खालचं राखाडी लोखंड प्रथम दिसलं. ते लगेच कोरडं करून तेल लावावं लागतं. मालव्यातल्या पावसाळी हवेत उघडं लोखंड घटकाभरात तांबूस होतं.

स्क्रू उजेडात धरला आणि मी बराच वेळ तसाच बसलो. जबडे मिटत आले की जे आटे नटात येतात, ते झिजून धारेला आले होते. पुढचे मात्र कोरे, चौकोनी, जणू कालच कातलेले. म्हणजे हा व्हाइस पूर्ण असा क्वचितच उघडला गेला. वर्षानुवर्षं कुणीतरी यात लहानच वस्तू धरल्या: पिना, चाव्या, खिट्ट्या. तो माणूस मला कधी भेटणार नाही, पण त्याचं काम मी बोटाने चाचपू शकत होतो.

हा कुठल्या गिरणीतला, की गिरणीतला नव्हेच, कबाड्याला ठाऊक नव्हतं. मालवा मिल आता पत्ता सांगण्यापुरती उरली आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या हक्काच्या २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या बत्तीस वर्षांत किती जण गेले! त्या दिवशी बाबा टीव्हीसमोर बसून होते. त्यांची गिरणी वेगळी, पण डोळे पुसत होते.

जबड्याच्या एका कडेला करवतीचे सात घाव आहेत. ते भरून, घासून सपाट करता आले असते. मी केले नाहीत. झिजलेला स्क्रूही बदलला नाही. गंज काढायचा होता, माणूस नव्हे.

निळा रंग दोन हात दिला, आट्यांना ग्रीस भरलं. मग उंचीचा प्रश्न आला. "हनुवटीखाली मूठ ठेव," बाबा म्हणाले, "कोपर जबड्याला टेकलं पाहिजे. नाहीतर कानस सपाट चालत नाही, कंबरही जाते." मी टेकवून पाहिलं, टेबलाखाली पाचर सारली, बोल्ट कसले.

मग बाबा पुढे आले. व्हाइसपुढे उभं राहून त्यांनी मूठ हनुवटीखाली नेली. पाठ वाकली आहे त्यांची. कोपर जबड्याच्या बरंच खाली राहिलं. ते काही बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरातून पाट आणला आणि त्यांच्या पायांखाली सरकवला. ते चढले. कोपर टेकलं.

"कानस दे," म्हणाले.