ए.सी.ची निगा आणि शिडीवरचा माणूस



आम्ही दोघे नवरा-बायको ए.सी. दुरुस्तीच्या कामावर पोट भरतो. एक जण शिडीवर चढतो, दुसरी फोन घेते आणि कामाची वही ठेवते. पूर्वी या वहीत डॉक्टर, वकील, व्यापारी यांचीच नावे असत. आता त्यात कांबळे, गायकवाड, सोनवणे अशी आपलीही नावे येऊ लागली आहेत. कुणी पत्र्याच्या खोलीत ए.सी. बसवला आहे, कुणी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर. बहुतेकांनी हप्त्यावर घेतला आहे. वैशाखात पत्रा तापला की घरातली म्हातारी माणसे कासावीस होतात, मुलांचा अभ्यास होत नाही. अशा घरी गारवा आला तर त्याला चैन म्हणायला आमची जीभ धजत नाही.

परंतु हप्ते फिटण्याआधीच ए.सी. बंद पडतो आणि दुरुस्तीला दोन-तीन हजार रुपये मोजावे लागतात, तेव्हा ते पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांतून जातात. म्हणून हा लेखनप्रपंच.

नवा ए.सी. बसवला की काही घरांत आम्हाला नारळ फोडायला सांगतात, लिंबू-मिरची बांधायला सांगतात. आपल्या घरांत ते होता कामा नये. भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. कारण असेल तर परिणाम होतो, कारण दूर केले की परिणाम थांबतो. यंत्राचेही तसेच आहे. गारवा कमी झाला, पाणी टपकू लागले, वास येऊ लागला, तर प्रत्येकाला कारण असते आणि ते बहुधा साधे असते.

आमच्या वहीत एप्रिल-मे महिन्यांत सर्वात जास्त तक्रार येते ती ‘गार होत नाही’ ही. जाऊन पाहावे तर जाळीवर, म्हणजे फिल्टरवर, गोधडीसारखा धुळीचा थर असतो. आतली हवा जाळीतून ओढली जाते, थंड कॉइलवरून जाते आणि परत खोलीत येते. जाळी बुजली की हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो, ए.सी. जास्त वेळ चालतो आणि वीजबिल वाढते. हे काम घरातल्या कोणालाही करता येते. आधी मुख्य बटण बंद करावे. पुढचे झाकण वर उचलून जाळ्या सरकवून काढाव्यात. उलट्या बाजूने नळाचे पाणी सोडावे, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने निघून जाते. तेलकट असेल तर साधा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. सावलीत पूर्ण वाळवाव्यात, कडक उन्हात प्लॅस्टिक वाकते. ओली जाळी परत बसवू नये.

हे दर पंधरा दिवसांनी करावे. आपण पौर्णिमेला विहारात जातो. एक सफाई पौर्णिमेला आणि एक अमावास्येला, असे उपोसथाचे दोन्ही दिवस धरले तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तिथीत काही जादू नाही, पण नेम लागतो. जाळी धुण्याचे काम मुलांना द्यावे, मात्र बटण बंद करणे मोठ्यांनी पाहावे. मुलीलाही द्यावे, मुलालाही द्यावे.

दुसरी तक्रार पाण्याची. ए.सी. हवेतला दमटपणा काढतो, त्याचेच पाणी होते. ते खालच्या पन्हळीत साठून नळीने बाहेर जाते. पन्हळीत शेवाळ आणि मळ साचला की पाणी भिंतीवरून घरात उतरते. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग केले तर हे टळते. एकदा उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. १४ एप्रिलच्या भीमजयंतीसाठी घराला रंग देता, साफसफाई करता, त्यातच हेही उरकावे. एप्रिल लागला की आम्हाला जेवायला फुरसत नसते. दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास. नळीचे पाणी खालच्या गल्लीत कोणाच्या डोक्यावर पडू देऊ नये. बादली लावावी, लादी पुसायला ते चालते, पिण्यास मात्र वापरू नये. बाहेरच्या युनिटची गरम हवाही शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊ नये, हे बसवतानाच पाहावे. आपला गारवा दुसऱ्याचा उकाडा झाला तर पंचशील म्हणण्यात काय अर्थ?

आता गॅसची गोष्ट. या धंद्यात सर्वात जास्त फसवणूक येथे होते. ‘वर्ष झाले, गॅस संपला’ असे सांगून पैसे घेतले जातात. गॅस म्हणजे स्टोव्हमधले रॉकेल नव्हे. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. म्हणून गळती कोठे आहे ते दाखवायला सांगावे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे तुम्हालाही दिसतील. उघड्या नाल्याशेजारी राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे, की नाल्यातून निघणाऱ्या वायूने तांब्याच्या नळ्या काळ्या पडतात आणि लवकर गळू लागतात. नवा ए.सी. घेताना याची चौकशी करावी. ज्यांच्या घरापुढचा नाला वर्षानुवर्षे झाकला जात नाही, त्यांना ए.सी.चाही भुर्दंड पडतो, हे आम्ही रोज पाहतो.

विजेची बाबही महत्त्वाची. ए.सी.ला स्वतंत्र वायर, मोठ्या तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर ए.सी. लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. १ जानेवारी २०२० पासून देशात बनणारे स्टार लेबलचे घरगुती ए.सी. सुरू करताच २४ अंशांवर येतील असा नियम आहे. तापमान एक अंश वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, बिल मात्र वाढते. २५-२६ वर ठेवून पंखा हळू लावावा. आणखी एक, स्प्लिट ए.सी. बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडाव्यात. घरात कोणाला खोकला, क्षय असेल तर जास्तच.

येथपर्यंत झाले यंत्राचे. आता माणसाचे.

ए.सी.चे अर्धे अंग घराबाहेर, भिंतीवर लटकलेले असते. तेथे पाय ठेवायला वीतभर छज्जा असतो, कधी तोही नसतो. आमच्या ओळखीचा एक विशीतला मुलगा दोन वर्षांपूर्वी अशाच कामावर दुसऱ्या मजल्यावरून पडला. कमरेला पट्टा नव्हता. ठेकेदाराने दवाखान्यात नेले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पोरगा वाचला, पण पाय पूर्वीसारखा राहिला नाही. आता तो पानटपरीवर बसतो. त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम झाला. वही ठेवणारी आधी विचारते, ‘पट्टा घेतला का? दोरी कोठे बांधणार?’ उत्तर मिळाल्याशिवाय पत्ता सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणते, ‘पाच मिनिटांचे तर काम आहे, पट्टा कशाला?’ पडायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

काही सोसायट्यांत आम्हाला पाहुण्यांच्या लिफ्टमधून जाऊ देत नाहीत. काही घरांत आडनाव विचारतात आणि उत्तर ऐकल्यावर पाण्याचा पेला आत राहतो. हे आम्ही सोसले आहे. म्हणूनच आपल्या घरी कामाला येणारा कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याला पाणी विचारावे, पट्टा विचारावा, ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी. पट्टा नसेल तर ‘आज राहू दे, उद्या पट्टा घेऊन ये’ असे म्हणावे. एक रात्र उकडेल, एवढेच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले, तेव्हाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. शिडीवरच्या माणसाला मात्र आजही तास नाहीत, हजेरीपुस्तक नाही. मे महिन्यात आमचे काम रात्री दहापर्यंत चालते.

यावर उपाय आपल्याच हाती आहेत. ज्या मुलांना या धंद्यात यायचे आहे त्यांनी नुसते कोणाच्या हाताखाली राबू नये. आय.टी.आय.मध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो करावा. नव्या ए.सी.मधला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. नळ्या तपासताना नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरला तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याचा स्फोट होतो. हे न शिकता हातात पाना घेणे म्हणजे जिवाशी खेळ. मुलींनीही हा ट्रेड घ्यावा. आणि वस्तीतल्या चार-पाच मेकॅनिकांनी मिळून दोन चांगले पट्टे, एक मजबूत दोर घ्यावा, पाळीपाळीने वापरावा. विहाराच्या कपाटात तो ठेवायला जागा निश्चित मिळेल.

जाळी तुम्ही धुवा, छज्जा आमच्यावर सोडा. पण आम्ही छज्जावर असताना एकदा खिडकीतून डोकावून दोरी बांधली आहे की नाही तेवढे पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!