खर्डा आणि नक्कल

आमचे नाना कोल्हापुरातील एका कचेरीत सत्तावीस वर्षे नक्कलनवीस होते. सरकारी कागदाचे दोन जन्म असतात, असे ते म्हणत : पहिला खर्ड्याचा आणि दुसरा पक्क्या नकलेचा. खर्ड्यात खाडाखोड खपते, समासात टिपणे घुसतात, साहेबाची लाल शाई कोठेही वाहते. परंतु जावक बारनिशीत क्रमांक पडून नक्कल एकदा बाहेर गेली, की तिच्यात राहिलेला एक कानादेखील लिहिणाऱ्याच्या नावे कायमचा दप्तरदाखल होतो. म्हणून नकलेवर शाईचा टिपका पडताच, मग तो अखेरच्या ओळीवर का पडलेला असेना, तो कागद बाजूस सारून पहिल्या अक्षरापासून पुन्हा आरंभ करण्याची त्यांची शिस्त होती.

हीच शिस्त त्यांनी घरी मॅंडोलिनलाही लावली होती. मूळची इटलीतील ही वाद्यजाती आमच्या चित्रपटगीतांत केव्हाच रुळली होती. सज्जाद हुसेन यांच्यासारखे संगीतकार स्वतः नामांकित मॅंडोलिनवादक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत यांची उमेदवारीही याच वाद्यावर झाली. नानांचे वाद्य मात्र गिरगावातील जुन्या बाजारात मिळालेले. आठ तारा, पण त्या जोडीजोडीने एका सुरात लावायच्या, म्हणजे हाती येतात चारच सूर. आणि तोही प्रत्येक सूर इतका अल्पायुषी, की तो जिवंत ठेवावयाचा तर नखी सतत थरथरती राखावी लागते. रात्री जेवणे झाली, की ऐन वैशाखातही नाना खिडक्या लावून घेत आणि घामाघूम होऊन वाजवीत. कच्चा सूर उंबऱ्याबाहेर जाऊ नये, हा त्यांचा दंडक. नवव्या वर्षी मी पंधरा दिवस त्या तारांशी झटापट केली आणि एक चाल त्यांना ऐकवली. डोळे मिटून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, “ठीक आहे. पण अजून खर्डाच आहे.” त्यांच्या मनात तसा काही कठोरपणा नव्हता. मी मात्र वाद्य पेटीत ठेवले ते ठेवलेच.

नानांच्या पश्चात ती पेटी माझ्याकडे आली, आणि माझ्या बदल्यांबरोबर गावोगाव हिंडून प्रत्येक बिऱ्हाडी कपाटाच्या माथ्यावर विराजमान होत राहिली. 1992 च्या सुमारास, आमच्या गल्लीत केबल येऊन थोडे दिवस झाले असताना, एका संध्याकाळी मी आत चहा घेत होतो आणि बाहेरच्या खोलीत चिरंजीवांचे दूरदर्शन यंत्र त्याच्या नित्याच्या कोलाहलात होते. त्या कोलाहलातून अकस्मात एक ओळखीचा, पातळ, धातूचा नाद आला, आणि मी कप हातात घेऊनच बाहेर गेलो. “अरे, हे तर मॅंडोलिन!” मी म्हणालो. “नाही हो बाबा, हे आर.ई.एम.,” चिरंजीव म्हणाले. आम्हा दोघांचेही बरोबर होते.

ते गीत होते ‘लूझिंग माय रिलिजन’. अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचे विद्यापीठाचे एक गाव आहे. तेथे 1980 मध्ये जमलेल्या आर.ई.एम. या चार तरुणांच्या वाद्यवृंदाचे संगीत, बाजाराच्या रुळलेल्या वाटेहून निराळे म्हणून, ‘आल्टरनेटिव्ह रॉक’ या सदरात मोडत असे. गीताच्या नावाचा धर्मत्यागाशी काही संबंध नाही. माणसाचा संयम सुटला, तो अगदी टेकीस आला, की त्या दक्षिणी मुलखात तसे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि गीतातील माणूस टेकीस आला आहे तो एकतर्फी अनुरागाने.

परंतु मला विलक्षण वाटली ती त्या गीताची जन्मकथा. गिटारवादक पीटर बक याने नुकतेच एक मॅंडोलिन विकत घेतले होते आणि दूरदर्शनसमोर बसून तो ते शिकत होता. शेजारी ध्वनिमुद्रक चालू होता. दुसऱ्या दिवशी त्याने फीत ऐकली, तेव्हा तिच्यात आधी बराच वेळ नवशिक्याची चाचपड होती, मग ही चाल होती, आणि तिच्यानंतर पुन्हा चाचपडच होती. म्हणजे ज्या सुरावटीने पुढे जग पादाक्रांत केले, ती एका निष्णात वादकाने, स्वतःचे हातखंडा वाद्य बाजूस ठेवून, नवशिक्या हातांनी काढलेला खर्डा होती!

येथे नानांची बाजूही मांडली पाहिजे, कारण नुसत्या खर्ड्याने काही होत नाही. 1990 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बेअर्सव्हिल स्टुडिओत, स्कॉट लिट या निर्मात्याच्या देखरेखीखाली हे गीत मुद्रित झाले, तेव्हा वरती मॅंडोलिन, खाली माइक मिल्सचा मंद्र बेस आणि मधली सप्तके मोकळी, अशी त्याची अवस्था असल्यामुळे पीटर होल्सॅपल या सहवादकाच्या गिटारने ती पोकळी भरून काढावी लागली. बिल बेरीच्या तालवाद्याने त्यास कणा दिला. आणि मार्क बिंगहॅम याने रचलेला तंतुवाद्यांचा साज मागाहून अटलांटा येथे चढवण्यात आला. एवढी पक्की नक्कल उतरवूनही दोन गोष्टी मात्र त्यांनी खर्ड्यातल्या तशाच राखल्या : मॅंडोलिनवरचा तो नवखा, किंचित अवघडलेला हात; आणि मायकल स्टाइप याचे एकाच दमात मुद्रित झालेले गायन.

अल्बमच्या आधी वेगळे काढावयाचे गीत म्हणून हेच निवडावे, याबद्दल ध्वनिमुद्रिका काढणारे साशंक होते. साडेचार मिनिटांच्या आसपासचे गीत, त्यात पुन्हापुन्हा येणारे रूढ धृपद नाही, आणि अग्रभागी मॅंडोलिन! तरी 19 फेब्रुवारी 1991 रोजी ते बाहेर पडले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. त्याचे चित्रण केले जालंधरात जन्मलेल्या तरसेम सिंग याने. कारावाज्जोच्या चित्रांतील काळोख-उजेड आणि आपल्याकडील चित्रपटांची स्वप्नाळू भडकता त्याने त्यात एकत्र आणली. माझ्या घरात ते मॅंडोलिन वाजले ते या चित्रणामुळेच.

या चौघांनाही नानांचा आजार ठाऊक नव्हता असे नाही. ‘रेडिओ फ्री युरोप’ ही त्यांची पहिली एकेरी तबकडी 1981 मध्ये हजारभर प्रतींनिशी निघाली, तेव्हा तिचे अंतिम संस्करण बकला इतके नापसंत झाले, की एक प्रत फोडून त्याने ती भिंतीला चिकटवून ठेवली. मात्र उरलेल्या प्रती तोपर्यंत बाहेर गेल्या होत्या, आणि लोकांनी त्या ऐकल्या. त्याची नाराजी आणि नानांची नाराजी एकाच जातीची होती. तफावत होती ती केवळ जावक क्रमांकाची.

गेल्या वर्षी पेटीच्या अस्तराखाली नानांची वही सापडली. एकेचाळीस चाली, स्वतः बांधलेल्या, सुबक अक्षरांतील स्वरलिपीत. आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर, तितक्याच सुबक अक्षरांत, एकच शब्द : ‘खर्डा’. ‘नक्कल’ असे शीर्षक एकाही पानावर नव्हते. मी तारा नव्या चढवल्या, घोडी जागेवर बसवली, आणि आखडलेल्या बोटांनी पहिल्या पानावरची चाल महिनाभर घोटून एके दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, वाजवली. नातवाने ती त्याच्या मोबाईलवर उतरवून घेतली.

“आजोबा, दोन ठिकाणी चुकलंय,” तो म्हणाला. “परत घ्यायचं?”

“नको. पाठव तुझ्या बाबाला.”

मग मी वही पुढे ओढली आणि नानांच्या ‘खर्डा’ या शब्दाच्या खाली तारीख घालून लिहिले : जावक क्रमांक 1.