वही मिटा, बाबा

तर मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण सांगतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने मुलाकडे आयर्लंडला, गॉलवेला होतो आणि तिथे वयाच्या ७४व्या वर्षी मी चक्क विद्यार्थी झालो.

लग्नाआधी मी चार-पाच वर्षं व्हायोलिन शिकलो होतो, हे घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. तिथल्या लोकसंगीतात व्हायोलिनलाच फिडल म्हणतात. आपण मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवतो. ते लोक खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरतात. पहिला आठवडा माझी मान नुसती आखडली होती.

मुलगा दर रविवारी एका पबमध्ये गिटारची साथ करतो. पाच-सहा जण गोल बसतात, एकाने धून धरली की बाकीचे मिसळतात. त्याने मला पहिली धून दिली ती ‘स्वॅलोटेल जिग’. जिग म्हणजे आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीनची चाल. भाग दोन, प्रत्येक आठ आवर्तनांचा आणि प्रत्येक दोनदा. म्हणजे ३२ आवर्तनं झाली की पुन्हा पहिल्यापासून. स्वर आपल्या काफी थाटाचे. म्हटलं, दोन दिवसांत बसवू.

मी मास्तर माणूस. सगळी सरगम वहीत सुबक लिहून काढली. तर मुलगा म्हणतो, “वही मिटा, बाबा. आधी ऐका.” जन्मभर मी वर्गात ‘वह्या उघडा’ म्हणत आलो! पण त्याचं बरोबर होतं. या धुना छापलेल्या आहेत, शिकागोचे पोलिसप्रमुख ओनील यांनी १९०३ सालीच १८५० धुना छापल्या. तरी शिकायच्या त्या कानानेच. माझ्या बोटांत मींड मुरलेली, तिथे ती चालेना. त्यांचा ‘रोल’ म्हणजे मूळ स्वरावरून वरचा आणि खालचा स्वर झटकन शिवून यायचं. आपली मुरकीच म्हणा, पण नाचणाऱ्याचा पाय अडता कामा नये.

गिटार या संगीतात तशी अलीकडची. १९७०च्या दशकात बॉथी बँडच्या मीहॉल ओ डोनिल यांच्यासारख्यांनी ती रुळवली. तारा लावतात डी ए डी जी ए डी. डीला सा धरा, म्हणजे सा प सा म प सा. गंधारच नाही! तो कोमल की शुद्ध, हे धून ठरवते. गिटार तिच्या मागून चालते. मला तानपुऱ्याची आठवण झाली.

आता जे सांगायचं होतं ते. दहावीच्या वर्षी त्याची गिटार मीच माळ्यावर टाकली होती. ‘आधी परीक्षा.’ परीक्षा झाली, मग अकरावी, बारावी. गिटार काही खाली आली नाही. त्याने मागितली नाही, मी काढून दिली नाही.

गॉलवेला स्वयंपाकघरात आम्ही दोघं बसायचो. दुसऱ्या भागात मी हमखास अडखळायचो आणि थांबायचो. तो म्हणायचा, “थांबू नका. सूर सुटला तर सुटू दे, लय सोडू नका. मी आहे मागे.” आणि माझी लय पडली की तोही हळू व्हायचा. एका रात्री मी म्हटलं, “अरे, तुझी ती गिटार... तेव्हा माझं चुकलंच.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, दुसरा भाग. पहिल्यापासून.”

असो. आता घरी आलोय. व्हिडिओ कॉलवर आवाज मागेपुढे होतो, एकत्र वाजवता येत नाही. त्याने गिटार रेकॉर्ड करून पाठवली आहे, संथ लयीत. पण रेकॉर्डिंग काही माझ्यासाठी थांबत नाही.

परवा माळ्यावरून गिटार खाली काढली. तारा गंजल्यात, खुंट्या मात्र फिरतात. हिने विचारलं, “आता ही कोण वाजवणार?”

म्हटलं, तो डिसेंबरात येतोय.